रिकाम्या हाताचा पाहुणा

"फादर, तुम्ही काय आणणार?" हा प्रश्न मला आयुष्यात प्रथमच विचारण्यात आला, तेव्हा माझ्या वयाला एकावन्न वर्षे पूर्ण झाली होती.

२०१९ सालच्या जून महिन्यातील ही गोष्ट. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरील एका धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू रजेवर गेले होते आणि महिनाभर त्यांच्या जागी मी काम पाहत होतो. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर सत्तरीकडे झुकलेल्या एक बाई चर्चच्या दाराशी माझ्यासाठी थांबल्या. पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी दहा-बारा शेजारी जमणार होते. सगळे मिळून उकुलेले वाजवतील, गातील आणि मग जेवतील, तुम्हीही या, असे त्या म्हणाल्या. मी आनंदाने होकार दिला. त्यावर त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. कागदावर नावे होती आणि प्रत्येक नावापुढे एकेका पदार्थाची नोंद होती. सर्वांत खाली माझे नाव लिहून त्यांनी पेन्सिल सरसावली आणि तो प्रश्न विचारला.

वाचकहो, खरे सांगायचे तर मी दुखावलो. आपल्याकडे धर्मगुरू जेवायला येणार म्हटले की घराला सणाचे रूप येते. बसायला सर्वांत चांगली खुर्ची, ताटात पापलेटची सर्वांत मोठी तुकडी, आणि 'फादर, अजून थोडे घ्या' हा आग्रह. अंगात झगा चढवल्यापासून मी हेच अनुभवत आलो. लोकांचे ते प्रेम होते याविषयी मला आजही शंका नाही. तथापि त्या रात्री परक्या धर्मगुरुनिवासात पडल्या पडल्या एक विचार मनात आला आणि तो काही केल्या जाईना. ज्या माणसाकडून इतक्या वर्षांत कोणी काही अपेक्षिलेच नाही, तो माणूस लोकांच्या मनात फार उंचावर बसला आहे, की त्यांच्या हिशेबातून तो केव्हाच वगळला गेला आहे?

पाहुण्यांनी आपापला पदार्थ आणायचा या प्रथेला तिकडे 'पॉटलक' म्हणतात. हा इंग्रजी शब्द जुना आहे, सोळाव्या शतकापासून तो आढळतो. गंमत अशी की त्याचा मूळ अर्थ आजच्या नेमका उलट होता. अवचित आलेल्या पाहुण्याने त्या दिवशी भांड्यात जे काही शिजले असेल ते आपले नशीब समजून खावे, असा तो अर्थ. म्हणजे नशीब पाहुण्याचे आणि भांडे यजमानाचे. पुढे केव्हातरी भांडेच पाहुण्याच्या हाती आले. (अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींच्या 'पॉटलॅच' नावाच्या दानसोहळ्याशी या शब्दाचे नाते पुष्कळ जण जोडतात, परंतु तो शब्द वेगळा आहे. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत त्या सोहळ्यावर बंदी घातली होती. माणसे आपली मालमत्ता वाटून मोकळी होतात, हे सरकारला पाहवले नाही. असो.) आपल्याकडची अंगतपंगत ती हीच. शाळेच्या सहलीत झाडाखाली गोल बसून डबे उघडणारी पिढी अजून हयात आहे, तेव्हा मला त्या प्रश्नाचे एवढे नवल वाटायला नको होते.

बाई दर महिन्याला अशी संध्याकाळ योजीत आणि प्रत्येक वेळी तिला एक विषय देत. गाणीही त्या विषयाची आणि पदार्थही त्याच विषयाचे. जूनचा विषय होता 'समुद्रापलीकडून आलेले'. आपल्या पूर्वजांनी ज्या देशातून या बेटांवर पाऊल ठेवले, तिकडचा पदार्थ करून आणायचा आणि जमल्यास तिकडचे एखादे गाणे म्हणायचे.

या विषयाला त्या वाद्याइतके शोभणारे दुसरे काही नसावे. उकुलेले आज जगभर हवाई बेटांची खूण म्हणून ओळखले जाते, पण ते तेथले नव्हे. १८७९ च्या ऑगस्ट महिन्यात 'रॅव्हनस्क्रॅग' नावाचे जहाज होनोलुलू बंदराला लागले. त्यात अटलांटिक महासागरातील मदीरा या पोर्तुगीज बेटावरून उसाच्या मळ्यांत करारावर राबण्यासाठी निघालेली चारशेंहून अधिक माणसे होती. चार महिन्यांचा प्रवास करून ती आली होती. त्यांच्याजवळ 'ब्रागिन्या' किंवा 'मशेत' नावाचे चार तारांचे इवलेसे वाद्य होते. जहाज लागताच झुआंव फर्नांडिश नावाच्या तरुणाने ते छेडून गायला सुरुवात केली, असे सांगतात. पुढे काही दिवसांतच या मंडळींच्या रात्रीच्या, रस्त्यावरच्या मैफलींची दखल होनोलुलूच्या वर्तमानपत्राने घेतली. याच जहाजातून आलेल्या मानुएल नुनिश, आगुश्तो दियश आणि झुझे दो इश्पिरितु सांतु या तीन सुतारांनी मळ्यावरची चाकरी संपल्यावर शहरात दुकाने थाटली आणि तेथल्या कोआ वृक्षाच्या लाकडातून ते वाद्य नव्याने घडवले. राजा कालाकाऊआला त्याचे वेड लागले आणि मळेवाल्यांच्या मजुरांचे वाद्य राजवाड्यात जाऊन बसले.

'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी मारणे. तारांवर भराभर नाचणारी बोटे पाहून लोकांनी हे नाव पाडले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्या बेटांची अखेरची राणी लिलिउओकलानी या नावाचा अर्थ वेगळा सांगत असे. 'उकु' या शब्दाला देणगी असाही अर्थ आहे आणि 'लेले' म्हणजे येणे. येथे चालत आलेली देणगी. १८९३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने जिचे राज्य हिरावले गेले, त्या राणीने परदेशी मजुरांच्या वाद्याला देणगी म्हणावे, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

आता माझ्या पदार्थाविषयी. मला चहापलीकडे काही करता येत नाही. म्हणून एका संध्याकाळी मी वसईला वहिनीला फोन लावला. तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. फुगे कसे करतात असे विचारताच ती प्रथम हसली, मग काळजीत पडली आणि शेवटी तिने सर्व काही दोनदा सांगितले. मैदा, अंडी, नारळाचे दूध. पूर्वी ताडी घालत, आता यीस्ट. पीठ फुगून दुप्पट होईपर्यंत हात लावायचा नाही. मग मुठीतून पिळून एकेक गोळा कढत तेलात सोडायचा. माझे पहिले वीस फुगे जळाले. उरलेले काही आतून कच्चे राहिले असावेत. पण शनिवारी संध्याकाळी कागदात गुंडाळलेला गरम डबा घेऊन मी त्या घराकडे चालू लागलो, तेव्हा माझ्या चालण्यात काहीतरी निराळे होते. सेमिनरीत जाण्यापूर्वी आई मला शेजारच्या घरी वाटी घेऊन पाठवी, त्यानंतर इतक्या वर्षांत कोणाच्या दारात मी असा भरल्या हाताने उभा राहिलो नव्हतो.

दाराबाहेर चपलांची रांग होती. हवाईत घरात पादत्राणे घालून जात नाहीत, हे पाहून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. ओसरीवर बिनहातांच्या खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. हात असलेल्या खुर्चीत बसले की वाजवणाऱ्याचे कोपर अडते. यजमानपण म्हणजे काय, याचा एक पाठ मला त्या खुर्च्यांतच मिळाला. पदार्थ पलीकडच्या खोलीत झाकून ठेवलेले. आधी वाजवायचे आणि मग जेवायचे, असा बाईंचा दंडक, कारण तेलकट बोटे तारांना खपत नाहीत.

अशा मिळून वाजवण्याला इंग्रजीत 'जॅम' म्हणतात आणि हवाईत 'कनिकापिला'. मैफल म्हणावी तर ऐकणारे कोणी नसतात, सगळेच वाजवणारे. आरंभी सर्वांनी मिळून सूर लावले. मग ज्याची पाळी तो गाण्याचे नाव सांगे, पट्टी सांगे, चार मात्रा मोजे, आणि सारे त्याच्या मागून निघत. पाळी नको असेल त्याने मान हलवायची की ती पुढच्याकडे जाई, कोणी कारण विचारीत नसे. अवघड जागा आली की नवशिक्याने तारांवर हात ठेवून नुसता ठेका धरायचा. या वाद्याची एक खुबी मला तेथे कळली. गिटारीत वरून पहिली तार सर्वांत खर्जातली असते. उकुलेलेत तीच तार उंच सुराची असते, त्यामुळे चारही तारांचे सूर एकमेकांच्या अगदी जवळ, एकाच घोळक्यात राहतात. दहा जण वाजवू लागले की कोणाचा हात कोणता हे ओळखू येत नाही. चुकलेला सूरही त्या झिमझिमीत कुठल्या कुठे विरून जातो.

साधारण अर्ध्या तासाने एक तरुण आला. बाईंच्या शेजारी नुकताच भाड्याने राहायला आलेला, काम सुटलेले. त्याच्या हातात वाद्य नव्हते, डबाही नव्हता. दारात उभा राहून तो काहीतरी सबब सांगू लागला. बाईंनी त्याचे बोलणे पुरे होऊ दिले नाही. भिंतीवरचे एक उकुलेले काढून त्याच्या हाती दिले, त्याचे एक बोट धरून सर्वांत खालच्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "मी मान डोलावली की एवढेच वाजव." एका बोटाचा तो स्वरमेळ पाश्चात्त्य संगीतातील निम्म्या सोप्या गाण्यांचा पाया आहे. तो तरुण दोन तास ते एक बोट घेऊन बसला होता आणि बाई गाता गाता न चुकता त्याच्याकडे पाहून मान डोलावीत होत्या.

जेवायच्या वेळी टेबलावर अर्धे जग उतरले होते. जपानी घराण्यातून आलेले भाताचे गोळे, फिलिपिनो पद्धतीचे व्हिनेगरमधील कोंबडीचे मांस, कोरियन किमची, आणि बाईंनी स्वतः तळलेले मालासादा. बाई मदीराहून आलेल्यांच्या वंशातल्या. उपवासकाळापूर्वी घरातले तूप-साखर संपवण्यासाठी हे गोल वडे तळण्याची चाल त्यांच्या पूर्वजांनी सोबत आणली आणि आज राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी सारे हवाई ते खाते. माझे फुगे त्यांच्या शेजारी ठेवले गेले. बाईंनी एक उचलून तोंडात टाकला, क्षणभर थांबल्या आणि मला विचारू लागल्या की आमच्या आजीचा पदार्थ तुमच्या गावात कसा पोहोचला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, हे मी त्यांना सांगितले. दोन्ही पदार्थ एकाच कढईतले असतील, असे मला आपले वाटते.

मूळच्या हवाईयन वंशाच्या एका वृद्ध गृहस्थांनी लाकडी वाडग्यातून पोई आणली होती. पोई म्हणजे अळकुड्या उकडून, कुटून केलेला लगदा. तुम्ही तर इथलेच, तुमचे समुद्रापलीकडून आलेले कसे, असे कोणीतरी त्यांना चेष्टेने विचारले. ते शांतपणे म्हणाले, की आमच्या पूर्वजांनी अळूचे कंद होडीतूनच येथे आणले, आम्हीही आलेलेच. पोईच्या वाडग्यावरचे झाकण काढले की घरात भांडण करायचे नाही, अशी त्यांची जुनी रीत आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एके काळी त्या बेटांवर स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे हा मोठा अपराध होता. डुकराचे मांस, केळी, नारळ स्त्रियांना वर्ज्य होते आणि शिक्षा मृत्यूची होती. १८१९ मध्ये तरुण राजा लिहोलिहो एका मेजवानीत उठला, स्त्रियांच्या पंक्तीत जाऊन बसला आणि जेवू लागला. एका जेवणाने शेकडो वर्षांची ती व्यवस्था कोसळली. पहिले ख्रिस्ती मिशनरी तेथे पोहोचले ते त्याच्या पुढच्या वर्षी. ऐकताना मला पितरांसाठी रांधलेले अन्न अस्पृश्यांना वाढणारे आपले एकनाथमहाराज आठवले.

बाईंनी त्या तरुणाच्या हाती भाताचा डाव दिला होता. सगळ्यांना तो वाढत होता. यादीत त्याचे नाव नव्हते आणि टेबलावर त्याचे काही नव्हते, पण प्रत्येकाच्या ताटात त्याच्या हातून काहीतरी पडले. हे मी डोळ्यांनी पाहिले. पुढे काय घडले ते सांगायचे आहे, म्हणून पाहिले हे नमूद करून ठेवतो.

आता प्रश्नाकडे येतो. पाहुण्याकडून काही मागावे की मागू नये? प्रभू येशूने एका यजमानाला सांगितले होते, की जेवण देशील तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, गरिबांना आणि पंगूंना बोलाव. या उपदेशावर मी अनेकदा प्रवचन केले आहे आणि दर वेळी यजमानाच्या बाजूने केले आहे. पंगूच्या बाजूने तो कधी वाचला नव्हता. परतफेड होणार नाही म्हणूनच ज्याला बोलावले, त्याला ताटावर बसताना काय वाटत असेल? मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाने १९२५ मध्ये दानाविषयी लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. देणे, घेणे आणि परत देणे या तिन्ही गोष्टी समाजात बंधनकारक असतात आणि जो परत देऊ शकत नाही तो देणाऱ्यापुढे लहान होतो, असे त्याने नाना जमातींच्या उदाहरणांनी दाखवले. त्या दृष्टीने पाहता "तुम्ही काय आणणार?" हा प्रश्न मोठा मान देणारा आहे. तुमच्याजवळ देण्याजोगे काही आहे, असे तो गृहीत धरतो. जन्मभर माझा सत्कार झाला, पण असा विश्वास माझ्यावर त्या बाईंनीच प्रथम टाकला.

तथापि या प्रश्नाला दुसरी धार आहे आणि ती फार जुनी आहे. करिंथ येथील ख्रिस्तसभेत लोक प्रभुभोजनासाठी आपापले अन्न घेऊन एखाद्या ऐपतदार घरी जमत. सवड असलेले लोक लवकर येऊन आपले आणलेले खाऊन घेत, आणि दिवसभर राबून आलेल्यांना उशीर होई. कोणी उपाशी, तर कोणी पिऊन तर्र, अशी स्थिती झाली. त्यावर संत पौलाने कडक शब्दांत विचारले की ज्यांच्याजवळ काही नाही, त्यांना तुम्ही लाजवता काय? अंगतपंगतीवर झालेली इतकी जुनी टीका दुसरी कोणती मला माहीत नाही.

आणि मला आपला गोपाळकाला आठवतो. यमुनेच्या काठी सवंगडी आपापल्या शिदोऱ्या सोडतात. कोणाचे दही, कोणाच्या लाह्या, कोणाची शिळी भाकरी. कृष्ण ते सर्व एकत्र कालवतो. कालवल्यानंतर कोणाचे काय हे ओळखता येत नाही. पॉटलकच्या टेबलावर प्रत्येक भांडे वेगळे उभे असते आणि त्याच्यापुढे नावाची चिठ्ठी असते. कोणाला काय सोसते, काय नाही हे कळावे म्हणून चिठ्ठी लावतात, हेतू चांगलाच असतो. परंतु ज्याचे भांडे नाही, त्याचे नसणेही त्या टेबलावर तितकेच स्पष्ट दिसते. त्या घरात ओसरीवर जे चालले होते तो काला होता. जेवणाच्या खोलीत तो होता होता राहिला असता. भाताच्या डावाने बाईंनी तो साधला.

निघताना बाईंनी मला एक जुने उकुलेले भेट दिले. ते घेऊन मी वसईला परतलो. पुढची दोन-अडीच वर्षे महामारीत गेली. त्यानंतर आमच्या गायकवृंदातील मुलांना त्या वाद्याची गोडी लागली. हल्ली दोन-तीन हजार रुपयांत बरे उकुलेले मिळते. पाच-सहा घरांत आली आणि बाकीची मुले आळीपाळीने त्यांवर शिकू लागली. २०२३ च्या मे महिन्यात गायकवृंदातील एका शिक्षिकेच्या अंगणात आम्ही ओआहूसारखी संध्याकाळ ठरवली. विषय मी सुचवला: 'आजीच्या हातचे'. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याला म्हणायची जुनी गाणी या चार तारांवर बसवायची आणि प्रत्येकाने आपल्या आजीच्या हातचा पदार्थ करून आणायचा. माझ्या कल्पनेवर मी खूश होतो. कागदावर नावे लिहिली आणि पुढे जागा सोडून तो सर्वांत फिरवला. कागद परत आला तेव्हा फुगे, इंद्याल, बाटली मसाल्यातली कोंबडी, वालाचे बिरडे, राजेळी केळ्यांची सुकेळी अशी तोंडाला पाणी सुटावे अशी यादी झाली होती. एका नावापुढची जागा मोकळी होती. विसरला असेल, असे मी समजलो.

तो मुलगा सोळा वर्षांचा, आणि सर्वांत चांगला वाजवणारा. त्याच्यापाशी स्वतःचे उकुलेले नव्हते, माझेच त्याच्याकडे असे. त्या संध्याकाळी तो आला नाही. त्याच्याबरोबर वाद्यही आले नाही. गाणी कशीबशी झाली, जेवण मात्र फार उत्तम झाले.

दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई विधवा, सकाळी चार घरची धुणीभांडी करते आणि संध्याकाळी नाक्यावर भाजी विकते. तिने खुर्ची पुसून मला बसवले, स्वतः उंबऱ्याशी उभी राहिली. पुष्कळ वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "पोराला यायचं होतं, फादर. मीच नको म्हटलं. कागदावर आजीच्या हातचं लिहायचं होतं ना? त्याची आजी जन्मभर दुसऱ्यांच्या घरी राबली. तिच्या हातचं म्हणजे लोकांकडचं उरलेलं, डब्यात बांधून आणलेलं. चांगलं असायचं ते. पण कागदावर काय लिहायचं?"

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, तिला खरोखरच काय लिहावे ते सुचले नव्हते. मी तिला काही उत्तर दिले नाही. ओआहूला मी यादी पाहिली होती, ती जशीच्या तशी उचलली होती आणि तिच्यावर आजीची माया पांघरली होती. विषय ठरवताना मी माझी आजी डोळ्यांपुढे आणली होती. ज्याच्या घरी पूर्वीपासून भांडी, पाककृती, सणांच्या आठवणी जपल्या गेल्या, त्यालाच तो विषय साधा वाटतो. यादी करणाऱ्याने यादीच्या शेवटच्या नावापासून विचार सुरू करायला हवा होता, आणि मी तर पहिल्या नावापासूनही केला नव्हता, स्वतःपासून केला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा जमलो. या वेळी विषय होता 'पाऊस', जो सर्वांच्याच दारात पडतो. कागद फिरवला नाही. भात आणि कोंबडीचे कालवण यजमानीण बाईंनी सर्वांपुरते केले होते. ज्याला काही आणायचे त्याने ते मागल्या दाराने स्वयंपाकघरात नेऊन द्यावे, पुढे येईल ते घरचे म्हणूनच येईल, असे ठरवले. यातले किती योग्य होते हे मी खात्रीने सांगू शकत नाही. आपला पदार्थ कोणी ओळखला नाही म्हणून दोन गृहिणी थोड्या खट्टू झाल्या, आणि त्यांच्या त्या खट्टू होण्यातही काही वावगे नव्हते. चांगले रांधणाऱ्याला आपले नाव हवे असते.

मुलगा आला, त्याची आईही आली. टोपलीत विकायची राहिलेली अळूची पाने तिने मागल्या दाराने दिली, कच्चीच. यजमानीण बाईंनी ती बाजूला ठेवली नाहीत. तिथल्या तिथे चिरून, चिंच घालून फतफते शिजायला टाकले. ते होईपर्यंत सगळे तासभर भुकेले वाजवत राहिले. पावसाची ठरलेली गाणी संपली, मग ठरवलेली नसलेली निघाली. त्या आईला मी सांगितले, की समुद्रापार एका बेटावर या अळूचे कंद कुटून खातात आणि त्याचे भांडे उघडे असताना कोणी भांडत नाही. ती म्हणाली, "खाजत नाही का त्यांना?"

जेवणे झाली आणि ती उठून मोरीकडे गेली, पदर खोचून ताटे घासू लागली. यजमानीण बाईंनी धावत जाऊन तिचा हात धरला. "तुम्ही पाहुण्या आहात, बसा." तिने हात सोडवून घेतला. "बसून काय करू? मला हे चांगलं येतं." बाईंनी माझ्याकडे पाहिले. रोज चार घरी हेच करणाऱ्या बाईला इथेही तेच करू द्यायचे, की तिने स्वखुशीने पुढे केलेला हात नाकारायचा, याचा निवाडा मी करावा अशी त्यांची अपेक्षा होती. सेमिनरीत आम्हाला नीतिशास्त्र शिकवले होते. मला काही सुचले नाही. खुंटीवरचे फडके घेतले आणि ती धुऊन देई ती ताटे मी पुसू लागलो. दोन-तीन ताटे झाल्यावर तिने माझ्या हातातले एक परत घेतले, उजेडात धरून पाहिले आणि कडेला राहिलेला डाग दाखवला.

ओसरीवर मुलाने वरची तार पुन्हा पिळली. दमट हवेत ती सारखी उतरत होती.